दुकानात आहे, पण देत नाहीत

वाचकांचे प्रश्न : आरोग्य आणि कायदा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली गर्भनिरोधनाविषयीची पत्रे एकत्र वाचली, तेव्हा एकच तक्रार निरनिराळ्या बाजूंनी आलेली दिसली. औषधाच्या दुकानात गोळी असते, मागणाऱ्याजवळ पैसे असतात, आणि तरीही दुकानदार पापाचे, संस्काराचे किंवा धर्माचे कारण सांगून ती देत नाही. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. कोणाची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे आणि लांब पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझे वय २९ असून आम्हांला दोन मुले आहेत. यजमान ट्रक चालवतात आणि पंधरा-वीस दिवसांनी घरी येतात. मागच्या खेपेला ते आले असताना निरोध फाटला. सकाळी ते निघून गेल्यावर मी गावातल्या एकुलत्या एका मेडिकलमध्ये जाऊन ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मागितली. तिचा डबा काचेच्या कपाटात समोरच दिसत होता. दुकानदार म्हणाले, ‘‘हे गर्भ पाडाचं काम हाय बाई, आमी असलं पाप करत नाही. आन् भाऊ तर गावात नाही, मंग तुमाले गोळी कायले पाह्यजे?’’ दुकानात आणखी दोन माणसे उभी होती. मी काही न बोलता परत आले, पण संध्याकाळपर्यंत ही गोष्ट माझ्या सासऱ्यांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी कापूस वेचणीची मजुरी बुडवून मी एसटीने तालुक्याला गेले आणि गोळी आणली. दुकानदाराला असे नाकारता येते का? या गोळीने खरोखर गर्भ पडतो का? आणि तक्रार केली तर गावात माझे नाव होईल का?
— एक वाचक, जिल्हा यवतमाळ

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला आधी घेते, कारण दुकानदारांचा सगळा आक्षेप त्याच्यावरच उभा आहे. तुम्ही मागितलेल्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते. स्त्रीच्या बीजकोषातून बीज बाहेर पडण्याची क्रिया ते रोखते किंवा लांबणीवर टाकते. पुरुषाचे शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात सुमारे पाच दिवस टिकू शकतात, आणि तेवढ्या अवधीत बीज बाहेर आलेच नाही, तर गर्भ राहत नाही. गर्भ आधीच रुजलेला असेल, तर ही गोळी त्याला पाडू शकत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टपणे सांगितलेले आहे. गर्भपातासाठी वापरली जाणारी औषधे म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. ती वेगळी, त्यांचे काम वेगळे आणि त्यांचा कायदाही वेगळा आहे. या दोहोंची गल्लत घरातल्या माणसांनी केली तर समजण्यासारखे आहे, पण ज्याच्या भिंतीवर फार्मसीची पदविका चौकटीत लावलेली आहे, त्याने ती करावी याला माझ्याजवळ सौम्य शब्द नाही.

गोळी कशी काम करते हे कळले की उशिराचा अर्थही कळतो. बीज बाहेर पडून गेले असेल, तर गोळी घेऊन काही उपयोग होत नाही, म्हणून ७२ तास ही मुदत असली तरी ‘तीन दिवस आहेत, सावकाश घेऊ’ असे समजून चालत नाही. पहिल्या दिवशी घेतलेल्या गोळीचा भरवसा तिसऱ्या दिवशी घेतलेल्या गोळीपेक्षा जास्त असतो. दुकानदाराने तुमचा जो एक दिवस घालवला, तो नुसत्या गैरसोयीचा नव्हता, त्या दिवसाने तुमची जोखीम वाढवली. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली असेल, तर ती पुन्हा घ्यावी लागते. पुढची पाळी काही दिवस अलीकडे-पलीकडे होऊ शकते, त्याने घाबरू नये, मात्र ती आठवड्यापेक्षा अधिक लांबली तर लघवीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन किंवा फिटच्या आजारावरची काही औषधे चालू असतील, तर या गोळीचा परिणाम कमी होतो. अशा स्त्रीने पाच दिवसांच्या आत ग्रामीण रुग्णालयात जाऊन तांबी बसवून घेणे अधिक खात्रीचे. खरे तर उशीर झालेल्या कोणत्याही स्त्रीसाठी तांबी हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे, पण ते दुकानात कोणी सांगत नाही.

आता नाकारण्याच्या अधिकाराविषयी. अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली केंद्र सरकारने काढलेला औषधे (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ देशभर लागू आहे. नाव किमतीचे असले, तरी त्याच्या २८व्या परिच्छेदात विक्रीविषयीही तरतूद आहे : औषध कायद्याच्या व नियमांच्या अधीन राहून, विक्रेत्याने आपल्याजवळ उपलब्ध असलेले कोणतेही औषध ते विकत घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकाला नाकारू नये. ‘कायद्याच्या अधीन राहून’ म्हणजे, जे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, ते चिठ्ठी नसताना नाकारणे हे दुकानदाराचे कर्तव्यच आहे. परंतु लेव्होनॉरजेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी भारतात २००५ पासून चिठ्ठीविना मिळते, त्यामुळे ती सबब येथे चालत नाही. धर्माची किंवा सद्सद्विवेकाची सूट या तरतुदीत ठेवलेली नाही. नवरा गावात आहे की नाही, मुले किती आहेत, घरच्यांना माहीत आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकारही विक्रेत्याला कोणी दिलेला नाही. फार तर त्याने संबंध कधी आला, काही औषधे चालू आहेत का आणि पाळी चुकली आहे का, एवढे विचारावे, आणि तेही बाजूला घेऊन.

मात्र ‘आपल्याजवळ उपलब्ध असलेले’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. दुकानात अमुक औषध ठेवलेच पाहिजे, अशी सक्ती या तरतुदीत नाही. तुमच्या बाबतीत डबा कपाटात दिसत होता, म्हणून प्रकरण सरळ आहे. जो दुकानदार पापाचा उच्चारही न करता ‘माल संपला’ म्हणतो, त्याच्याविरुद्ध काही सिद्ध करणे अवघड असते. माझा अनुभव असा की आपल्या भागात उघडपणे ‘देत नाही’ म्हणणारे थोडे असून ‘संपली’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयातील सहायक आयुक्तांकडे लेखी करता येते. तीत दुकानाचे नाव, दर्शनी भागात लावलेल्या परवान्याचा क्रमांक, तारीख, वेळ, कोणती गोळी मागितली आणि काय उत्तर मिळाले, एवढे लिहावे व आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती त्याच पत्रात करावी. परंतु मी तुम्हांला खोटा दिलासा देणार नाही. दोन माणसांदेखत घडलेल्या गोष्टीची तक्रार कोणी केली, हे दुकानदाराला नावाशिवायही कळेल. म्हणून तुमच्या जागी मी असते, तर एकटीने न लिहिता बचत गटाच्या किंवा गावच्या आरोग्य व पोषण समितीच्या नावाने लिहिले असते, आणि एका प्रसंगाऐवजी ‘या दुकानात स्त्रियांना गर्भनिरोधके नाकारली जातात’ अशी सर्वसाधारण तक्रार केली असती. अशी अडचण आलेल्या तुम्ही गावात एकट्याच असाल, असे मला वाटत नाही. सासऱ्यांपर्यंत बातमी पोहोचवणे हा मात्र वेगळा आणि माझ्या मते अधिक गंभीर दोष आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे व्यावसायिक कर्तव्य आहे, आणि त्याविषयी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे स्वतंत्रपणे लिहिता येते.

पुढच्या वेळेसाठी एक साधी गोष्ट. ही गोळी गरज पडण्याआधीच आणून घरात ठेवता येते, फक्त वेष्टनावरची मुदत पाहत जा. आशाताईंमार्फत घरपोच साधने देण्याची योजना २०११ मध्ये सुरू झाली, तेव्हा तीन निरोधांचे पाकीट १ रुपयाला, महिन्याच्या गोळ्यांचे पाकीट १ रुपयाला आणि आपत्कालीन गोळी २ रुपयांना अशा किमती ठरल्या होत्या. यजमान ठरावीक अंतराने येतात, म्हणून दर वेळी आपत्कालीन गोळीवर विसंबण्यापेक्षा तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन किंवा दहा वर्षे चालणारी तांबी यांचा विचार करा. दोन्ही सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळतात, आणि त्यांसाठी मेडिकलची पायरी चढावी लागत नाही.

प्रश्न : मी स्वतः फार्मासिस्ट असून सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात माझे दुकान आहे. परिसरात दुसरे दुकान नाही. माझ्या श्रद्धेप्रमाणे गर्भधारणेत हस्तक्षेप करणे पाप आहे. निरोध मी ठेवतो, कारण रोगापासून बचाव होतो, पण गोळ्या स्त्रियांना देणे मला पटत नाही. अविवाहित मुली मागायला येतात, तेव्हा तर मी त्यांना समजावून परत पाठवतो. शिवाय गर्भपाताच्या किटवरून दुकानांची तपासणी होते, परवाना जाण्याची भीती असते, म्हणून त्या भानगडीत न पडणेच बरे वाटते. डॉक्टरांनी एखादी शस्त्रक्रिया नाकारली तर त्यांना कोणी बोलत नाही. मग माझ्याच सद्सद्विवेकाला किंमत नाही का?
— एक औषधविक्रेता, जिल्हा अमरावती

उत्तर : आपण स्वतःहून लिहिले, याबद्दल आभार. आपली श्रद्धा कोणत्या धर्माची वा पंथाची हे आपण लिहिलेले नाही, आणि उत्तरात त्याने फरकही पडत नाही. आपल्या सद्सद्विवेकाला किंमत आहे. आपण स्वतः कोणती साधने वापरावीत, मुलांना काय शिकवावे, दुकानाऐवजी दुसरा व्यवसाय करावा का, हे सर्व आपण त्याच्या सांगण्यावरून ठरवू शकता. ग्राहकाच्या शरीराविषयीचा निर्णय मात्र ग्राहकाच्या सद्सद्विवेकाचा विषय आहे.

आपल्या पत्रातील एका विसंगतीकडे लक्ष वेधते, असे म्हणण्यापेक्षा स्पष्टच विचारते. गर्भधारणेत हस्तक्षेप हे पाप असेल, तर निरोधही तेच करतो. तो पुरुष येऊन घेऊन जातो, तेव्हा आपल्याला रोगप्रतिबंध आठवतो, आणि स्त्री गोळी मागते, तेव्हा पाप आठवते. ज्या मुलींना आपण समजावून परत पाठवता, त्यांच्याबरोबरच्या मुलांना निरोध देताना आपण कधी समजावले आहे का? आपला आक्षेप औषधाला आहे की औषध मागणारीला आहे, याचा विचार आपण एकदा एकांतात करावा, अशी विनंती आहे.

गर्भपाताच्या किटविषयी आपली भीती मात्र मी हलकी मानत नाही. मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल ही औषधे चिठ्ठीवरच द्यायची आहेत, त्यांच्या खरेदी-विक्रीचा हिशेब ठेवावा लागतो, आणि २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भलिंगनिदान करून गर्भपात केल्याची प्रकरणे उघड झाल्यानंतर राज्यात त्यांच्यावर करडी नजर आहे. परिणामी अनेक दुकानदारांनी ती ठेवणेच सोडले, आणि कायदेशीर चिठ्ठी घेऊन येणाऱ्या स्त्रीचेही हाल होऊ लागले. हा प्रशासनाच्या धोरणाचा दोष आहे, आपला नाही. पण त्या भीतीचे ओझे लेव्होनॉरजेस्ट्रेलवर किंवा माला-डीसारख्या रोजच्या गोळ्यांवर टाकण्याला आधार नाही. आपत्कालीन गोळी विकली म्हणून परवान्याला धोका नाही, उलट कपाटात असून नाकारली, तर वर सांगितलेल्या २८व्या परिच्छेदाप्रमाणे आपणच अडचणीत येऊ शकता.

डॉक्टरांशी केलेली तुलना अर्धीच लागू पडते. शस्त्रक्रिया डॉक्टर स्वतःच्या हातांनी करतात आणि बहुधा दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतात. आपण बंद पाकीट हातात देता. आणि औषधे विकण्याची मुभा कोणालाही नसून ती परवान्याने मोजक्या लोकांना मिळते, म्हणूनच किराणा दुकानदाराला जे माफ आहे, ते आपल्याला नाही. हाच मुद्दा फ्रान्समध्ये न्यायालयापर्यंत गेला होता. बोर्दोजवळच्या सालब्यफ नावाच्या लहानशा गावात १९९५ मध्ये दोन औषधविक्रेत्यांनी तीन स्त्रियांना डॉक्टरांची चिठ्ठी असतानाही गर्भनिरोधक गोळ्या धार्मिक कारणावरून नाकारल्या. त्यांना दंड झाला. ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, आणि २००१ मध्ये न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. जे औषध कायदेशीर आहे आणि औषधाच्या दुकानाशिवाय अन्यत्र मिळतच नाही, त्याच्या विक्रीत विक्रेत्याने आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादू नये, ती व्यक्त करण्याचे त्याला दुकानाबाहेर अनेक मार्ग आहेत, असा त्या निर्णयाचा आशय होता. फ्रान्सचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. परंतु गाव लहान, गोळी अन्यत्र मिळत नाही आणि विक्रेता श्रद्धाळू, ही तिन्ही लक्षणे आपल्या पत्रातही आहेत.

तरीही आपल्या हाताने देणे होतच नसेल, तर दुकानात दुसरा पात्र फार्मासिस्ट ठेवा आणि अशी मागणी आली की आपण मागे व्हा. ते परवडत नसेल, तर गोळ्या ठेवूच नका, पण मग ‘येथे गर्भनिरोधक गोळ्या मिळत नाहीत, उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मिळतील’ अशी पाटी मराठीत, ठळक अक्षरांत दर्शनी भागात लावा. त्या पाटीमुळे निदान गरजू स्त्रीचा अर्धा दिवस आणि चार माणसांतली शोभा तरी वाचेल. खोटे बोलून ‘संपली’ म्हणणे, चुकीची माहिती देणे, उपदेश करणे आणि घरी कळवणे या चार गोष्टी मात्र कोणत्याही श्रद्धेच्या नावाखाली बसत नाहीत. पाटी लावण्याचा सल्ला मी नाइलाजाने देत आहे. जिथे आपले एकच दुकान आहे, तिथे ती लावणे म्हणजे पाच हजार लोकांच्या वतीने निर्णय घेणे होय, आणि तो घेण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. महात्मा गांधींनी कृत्रिम संततिनियमनाला विरोध केला होता, हे सर्वांना माहीत आहे. अमेरिकेत औषधविक्रेत्यांना नैतिक कारणावरून गोळ्या नाकारण्याचा हक्क आहे, असेही वाचनात आले. मग आपल्याकडच्या एखाद्या दुकानदाराने तेच केले, तर एवढा गहजब कशाला?
— एक वाचक, जिल्हा वर्धा

उत्तर : गुरुजी, गांधीजींचा विरोध खरा आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात नोंदला गेला आहे. अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. दोघांचे दीर्घ बोलणे झाले, गांधीजींनी संयमाचा मार्ग सांगितला, सँगरबाईंना तो पटला नाही, आणि दोघेही आपापल्या मतावर राहिले. पुढे दोन्ही बाजूंनी हे संभाषण छापून लोकांसमोर ठेवले गेले. मत असे मांडले जाते. ऐकणारा ते स्वीकारतो किंवा सोडून देतो. औषधाच्या काउंटरवर स्त्रीला ती निवडच उरत नाही, म्हणून गांधीजींच्या मताचा आधार या दुकानदाराला देणे हे गांधीजींवर अन्याय करणारे ठरेल.

महाराष्ट्राला तर या वादाची दुसरी बाजूही जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, त्यापायी नोकरी सोडली, १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांपैकी एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते. स्वतः बाबासाहेबांच्या पक्षाने नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांसाठी सरकारने पाऊल उचलावे, असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. स्वतंत्र भारताने मात्र १९५२ मध्येच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कर्व्यांना विरोध करणाऱ्या किती जणांनी त्यांचे लेखन प्रत्यक्ष वाचले होते, याची मला नेहमीच शंका वाटते, पण तो विषय वेगळा.

अमेरिकेविषयी आपण वाचलेले अर्धे खरे आहे. तेथे याबाबत देशभर एकच नियम नाही. अर्कान्सा, मिसिसिपी, साउथ डकोटा अशा काही राज्यांत विक्रेत्याच्या नकाराला कायद्याचे संरक्षण आहे, तर इलिनॉय राज्यात २००५ मध्ये राज्यपालांनी नेमका उलटा आदेश काढून गर्भनिरोधके विनाविलंब देण्याचे बंधन दुकानांवर घातले. वॉशिंग्टन राज्यातील अशाच नियमाला एका दुकानाने आव्हान दिले, ते २०१५ मध्ये अपील न्यायालयात हरले, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. तेथील औषधविक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेची १९९८ पासूनची भूमिका अशी की विक्रेत्याने हवे तर स्वतः बाजूला व्हावे, पण रुग्णाला औषध मिळण्याची व्यवस्था झालीच पाहिजे. म्हणजे नकाराचे समर्थन करणारेसुद्धा रुग्णाला वाऱ्यावर सोडा, असे म्हणत नाहीत.

ही तडजोड शहरात निभावते. मिनेसोटा राज्यातील मॅकग्रेगर या छोट्या गावात २०१९ च्या जानेवारीत एका स्त्रीला आपत्कालीन गोळी अशीच नाकारली गेली, तेव्हा तिला हिमवादळात जाऊन-येऊन सुमारे १०० मैल गाडी चालवून ती आणावी लागली. पुढे ते प्रकरण न्यायालयात गेले. आर्वी-आष्टीकडच्या एखाद्या गावातून शेवटची एसटी निघून गेल्यावर काय होते, हे मी आपल्याला सांगायला नको.

प्रश्न : मी मेळघाटात आशा म्हणून काम करते. माझ्याकडे आपत्कालीन गोळ्या कधी असतात, कधी महिनोन्‌महिने नसतात. १९ वर्षांच्या एका अविवाहित मुलीने मला गोळी मागितली. माझ्या रजिस्टरमध्ये फक्त जोडप्यांची नावे असतात. मी तिला गोळी देऊ शकते का? आणि ती १७ वर्षांची असती तर?
— एक आशा कार्यकर्ती, धारणी तालुका

उत्तर : ताई, १९ वर्षांची मुलगी सज्ञान आहे. आपत्कालीन गोळी मिळण्यासाठी लग्नाची अट कोणत्याही कायद्यात नाही. गर्भपाताच्या कायद्यातसुद्धा २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द आला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित व अविवाहित स्त्रियांत भेद करता येणार नाही, असा निर्णय दिला. मग जी गोळी गर्भपाताची वेळच येऊ देत नाही, तिच्यासाठी लग्नाचा दाखला मागणे हास्यास्पद आहे. रजिस्टरची अडचण आहे, म्हणून तिचे नाव एखाद्या जोडप्यात घुसवू नका आणि कोऱ्या कागदावरही लिहू नका. दिलेल्या गोळीची संख्या साठ्याच्या नोंदीत दाखवून तशी माहिती एएनएम ताईंना (उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला) द्या, त्यात नाव सांगण्याची गरज नाही. गोळी देताना ती एकटी असल्याची खात्री करा, आणि पुढचे साधन कोणते हवे, हे तिला त्याच वेळी विचारा, कारण ती पुन्हा येईलच असे नाही.

१७ वर्षांच्या मुलीचे प्रकरण अवघड आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलीशी आलेला शरीरसंबंध तिच्या संमतीने असला तरी गुन्हा ठरतो, आणि अशी माहिती ज्याला मिळते, त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. या तरतुदीमुळे गरजू मुली आरोग्य केंद्रापासून दूर राहतात, असे मला वाटते. पण माझे मत सांगून मी तुम्हांला कायद्याबाहेर नेणार नाही. अशा मुलीला रागावू नका, घरी सांगण्याची धमकी देऊ नका, आणि शक्य असेल तर त्याच दिवशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील किशोरवयीनांच्या सल्ला केंद्रात, ज्याला बहुतेक ठिकाणी मैत्री क्लिनिक म्हणतात, तेथे स्वतः घेऊन जा. तिची तपासणी, गोळी आणि पुढची कायदेशीर जबाबदारी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी घ्यायची आहे. ती जबरदस्तीला बळी पडली असण्याची शक्यताही तेथेच नीट पाहिली जाते. आपल्या भागात लहान वयातली लग्ने अजून होतात, म्हणून ‘लग्न झालेले आहे’ एवढ्यावर वयाचा प्रश्न मिटला असे समजू नका.

साठ्याबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण मला ती तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. मेडिकलवाला नाकारतो, तेव्हा स्त्रीजवळ उरलेली दुसरी वाट तुम्हीच असता, आणि तुमची पेटी रिकामी असली तर तीही बंद होते. मासिक बैठकीत तोंडी सांगितलेली मागणी कागदावर येत नाही. म्हणून गोळ्या संपण्याआधीच गटप्रवर्तकांकडे लेखी मागणी द्या, प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि महिनाभरात साठा आला नाही, तर त्या पोचेची झेरॉक्स जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लिहा. पत्रावर इतर आशाताईंच्या सह्या घेतल्या, तर उत्तम.